वीस लावे तिचे, वीस माझे

साल १९५६, फाल्गुन महिना, शुक्रवार, आठवडी बाजाराचा दिवस. ऊन कललं होतं.

हजर: सासरे, सासूबाई, मी म्हणजे घरातली मोठी सून, धाकटी जाऊ, नणंद (सातवा महिना सरून आठवा लागलेला), आणि सासऱ्यांनी बाजारातून आणलेल्या टोपलीत चाळीस जिवंत लावे. गैरहजर: माझे यजमान आणि धाकटे दीर. दोघेही बांबूच्या कटाईवर जंगलात होते आणि पंधरा-पंधरा दिवस घराकडे फिरकत नव्हते.

आमचं गाव कुरखेड्यापासून बंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. धान निघालं की बांध्यांमध्ये लाखोळी आणि जवस उभा राहतो, आणि थंडीभर त्यात लावे असतात. मुठीएवढं पाखरू, रंग वाळल्या गवताचा. पारधी ते जाळ्यात धरत आणि बाजारात आणत. बाजारात लोक त्यांना बटेर म्हणत, आम्ही लावेच म्हणायचो. उन्हं तापली की ते वावरातून नाहीसे होतात, म्हणून होळीच्या सुमारास जिवंत विकत घ्यायचे, महिना-दीड महिना घरात चारून अंगावर आणायचे आणि लागतील तसे कापायचे. सासरे दरवर्षी दहाबारा आणत. त्या वर्षी चाळीस आणले, कारण नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सहाव्या दिवसापासून बाळंतिणीला एक दिवसाआड लाव्याचा रस्सा द्यायचा, अशी आमच्या घरची रीत. कोंबडी जड पडते, लावा हलका.

दुसरीही एक रीत होती. सहाव्या दिवशी बाळंतिणीची चूल वेगळी मांडत आणि सव्वा महिना त्या चुलीला एकाच बाईचा हात लागे. तीच रांधणार, तीच वाढणार, शेक-शेगडी तीच करणार, रात्री खोलीत तीच झोपणार. बाकीच्या बायांनी उंबऱ्यापाशी उभं राहून विचारपूस करायची आणि परत फिरायचं.

ती चूल माझी, हे मी धरूनच चालले होते. मी घरातली मोठी, हे एक कारण. दुसरं कारण मोठं होतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा नणंद सात वर्षांची होती. सासूबाई त्या काळात सारख्या आजारी असत. पोरीला न्हाऊ घालणं, उवा काढणं, वेणी घालणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं माझ्याकडे आलं. मी स्वतः तेव्हा पंधराची. ती माझ्या कुशीत झोपायची, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून. माझी मुलं पुढे फार उशिरा झाली. तोवर मुलगी म्हणा, बहीण म्हणा, तीच होती.

धाकटी जाऊ घरात येऊन दोनच वर्षं झाली होती. ती सिरोंच्याकडची, गोदावरीच्या काठची. निम्मं मराठी बोले, निम्मं तेलुगू. मोठ्यानं हसे. विळा कुठे ठेवला ते तिला कधी आठवत नसे. प्रत्येक कालवणात चिंच. मला अक्का म्हणे. नणंदेच्या लग्नानंतर जेमतेम तीन महिन्यांनी ती आली, म्हणजे दोघींची गाठ सणावारापुरतीच पडली होती. तरी या खेपेला नणंद बंडीतून उतरली ती आधी तिच्या गळ्यात पडली आणि मग माझ्या पाया पडली. मी ते पाहिलं. पाया पडणं बरोबरच होतं, मी मोठी आहे. पण गळ्यात पडणं मला हवं होतं.

"चाळीस पाखरं कोण पाहीन?" सासऱ्यांनी टोपली दारापुढच्या सपरीत टेकवत विचारलं.

"मी पाहीन," मी म्हणाले.

"मी बी पाहीन," जाऊ लगेच म्हणाली. "आमच्या घरी शंभर शंभर राहात, अक्का."

"पाय मोजले असशीन वं तू," सासूबाई म्हणाल्या. नणंद पोटाला हात लावून हसली.

मग सासूबाईंनी टोपलीवरचं जाळं थोडं उचलून आत पाहिलं आणि निकाल दिला. "वीस मोठीचे, वीस लहानीचे. जिच्या हातचे लावे अंग धरतीन, तिचा हात बाळंतिणीच्या चुलीले. हातगुण पाह्यला पायजे. पाखरू जिच्या हातात मरते तिच्या हातचं माही पोरगी काऊन खाईन?"

मी नणंदेकडे पाहिलं. आता ती म्हणेल, चूल तर मोठ्या वैनीचीच. तिनं टाळी वाजवली. "मजा येते आता," म्हणाली.

मी दुसऱ्याच दिवशी बुरडाकडे गेले. पिंजरा कसा हवा ते जमिनीवर काडीनं काढून दाखवलं: कमरेइतका उंच, चारी बाजूंनी बांबूच्या बारीक कामट्या, वर कामट्यांचंच झाकण, तळाची चटई बाहेर ओढून झाडता येईल अशी. त्यानं तीन दिवसांत करून दिला. तो मी सपरीत, जिथे वारा आणि उजेड दोन्ही येतात, तिथे ठेवला. भिंतीवर कोळशानं कामं लिहिली. पहाटे चटई काढून झाडणे, राख पसरणे. ऊन वर आल्यावर दोन ओंजळी कुटकीचे दाणे. पाणी दोनदा बदलणे. दुपारी वारूळ फोडून द्रोणभर वळवळती उदई. सांजेला पुन्हा कुटकी. मोजणी तीन वेळा. आठव्या दिवशी प्रत्येक पाखरू हातात घेऊन छातीचं हाड चाचपणे.

जावेनं काय केलं? धानाचं एक जुनं पसरट टोपलं घेतलं, काठ जेमतेम वीतभर. त्यात ओढ्याची वाळू टाकली, वीस लावे सोडले, वरून स्वतःच्या फाटक्या लुगड्याचं फडकं सैलसर बांधलं आणि ते टोपलं कोठीत धान साठवायच्या ढोलीमागे अंधारात सरकवून दिलं. झालं तिचं काम.

"पाखरं आहेत का वांगी?" मी म्हणाले. "कोंडून काय ठेवलीस?"

"थे निजले पायजेत, अक्का. उजेड दिसला का त्याइले पळाचं मनात येते."

ती आठवण झाली की चारा घाली, कधी सकाळी, कधी भर दुपारी. फडक्याखालून हात आत सारायची आणि "रा, रा, रा" म्हणायची. तेलुगूत रा म्हणजे ये. आतून बारीक कुजबुज ऐकू यायची आणि तिच्या तळहातावरची कणी संपायची. नणंदही ते शिकली. जड झालेलं अंग सावरत ती ढोलीमागे फतकल घालून बसायची, हात टोपल्यात, आणि दोघी रा रा करत राहायच्या. त्या अंधारातून हसण्याचे आवाज सपरीपर्यंत येत. मी चटई झाडत असे.

एकदा मी हाक मारली, "इथी ये ना वं बाई. माहे लावे पाय किती साफ आहेत."

ती आली, उभ्या उभ्या पाहिलं. "हाव वैनी. तुहा पिंजरा तं तहसीलदाराचा बंगला दिसते," म्हणाली. आणि परत कोठीत गेली. बंगल्यात कोणी बसायला येत नाही.

पाचव्या दिवशी माझा पहिला लावा मेला. सातव्या दिवशी दोन. लावा घाबरला की चालत किंवा बाजूला पळत नाही, तो दगड उडावा तसा सरळ वर उडतो. मी चटई ओढली की उडे, पाणी ठेवायला हात घातला की उडे, मोजायला वाकले की एकदम सगळे उडत आणि टकटक टकटक झाकणावर डोकी आपटत. डोक्यावरची पिसं गेली, मग कातडी सोलली. पिंजरा उंच, म्हणून झेप घ्यायला जागाही भरपूर. मला वाटे, मोकळी हवा आहे म्हणून उडतात, तब्येत चांगली आहे.

जावेनं सांगितलं, "अक्का, वरून कामट्या काढा, फडकं बांधा. अन् इतकं मोजू नोका."

तिनं सांगितलं नसतं तर मी कदाचित स्वतःच्या बुद्धीनं चार दिवसांत तेच केलं असतं. तिनं सांगितल्यावर मला ते करता येईना. पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम बाजारात जाऊन ज्या पारधिणीकडून लावे घेतले होते तिला गाठलं. ती पिंजऱ्याची उंची ऐकून कपाळावर हात मारून घ्यायला लागली. "कमरेइतका? बाई, तू लावे पाळले का मोर? लाव्याले वरती जागा देली का थो मेला. वीतभर, अन् वरून कापड, मंग उडते अन् गपकन् खाली पडते." म्हणजे जाऊ बोलली तेच. फक्त हे बाहेरच्या बाईनं सांगितलं, म्हणून मी मुकाट्यानं घरी येऊन कामट्यांचं झाकण काढलं आणि पोत्याचं कापड बांधलं. पिंजरा मात्र कमरेइतकाच राहिला, आणि मोजणीही राहिली. न मोजता कोणती वस्तू सांभाळता येते, हे मला अजूनही कोणी सांगितलेलं नाही.

चैत्र लागला तेव्हा माझ्याकडे अकरा उरले होते. त्यांतले सात डोक्यानं टकले. जावेकडे वीसचे वीस.

सासूबाई मला तोंडावर काही म्हणत नसत. पण शेजारची बाई ताक मागायला आली की त्या तिला कोठीत नेत, फडकं उचलून दाखवत आणि म्हणत, "लहानीच्या हाताले गुण आहे." मग सपरीतून बाहेर पडताना माझ्या पिंजऱ्याकडे न पाहता जात. न पाहण्यासाठी त्यांना मान बरीच वळवावी लागे.

एका दुपारी मी ते केलं. सासरे बाहेर, सासूबाई माजघरात झोपलेल्या, जाऊ ओढ्यावर धुणं घेऊन गेलेली. मी ओच्यात तीन टकले लावे घेऊन कोठीत गेले. नणंद तिथेच गारव्याला चटई टाकून निजली होती, एक हात टोपल्याच्या काठावर. मी तिच्या अंगावरून वाकून फडक्याची गाठ सोडली आणि आत हात घातला. पाखरं उडाली नाहीत. उलट हाताशी आली, त्यांना वाटलं चारा आला. मी एक उचलला. छातीचं हाड बोटांना लागेचना, दोन्ही बाजूंनी मांस भरून आलेलं, हातात ऊन ऊन, जड. असा लावा मी माझ्या पिंजऱ्यात एकदाही धरला नव्हता. राग आला. मी तीन चांगले काढून घेतले, तीन टकले आत सोडले, गाठ होती तशी बांधली. नणंद जागी झाली नाही. झोपेत तिनं हात काठावरून काढून माझ्या पायावर ठेवला, तो मी हळूच उचलून परत टोपल्यावर ठेवला.

संध्याकाळी चारा घालताना नणंदेनं फडकं उचललं. "लहानी वैनी! हे टकले बुवा कुठून आले वं?"

मी चुलीपाशी भाकरी थापत होते. थापत राहिले.

जावेनं वाकून पाहिलं. मग उंबऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. "मांजर आलतं सकाळी," ती म्हणाली. "भेले अन् उड्या मारल्या."

"फडक्याले डोकं लागून टक्कल पडते का?"

"माहं लुगडंच खरबरीत आहे. घरात कोणाले नवं घेऊन देवाचं सुचतच नाई, काय करू?"

सासूबाईही हसल्या. विषय संपला. तिनं ते तीन परत मागितले नाहीत, मला एकटीला गाठून काही बोलली नाही, जेवताना माझ्या ताटात वाढताना हातही आखडला नाही. ती भांडली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तिनं मला झाकलं, आणि त्या रात्री मला ती जितकी नकोशी झाली तितकी आधी कधी झाली नव्हती.

पंधरा दिवसांत तिच्याकडच्या तीन टकल्यांच्या डोक्यावर लव आली आणि ते गुबगुबीत झाले. मी आणलेल्या तिघांपैकी दोन मेले.

चैत्राच्या शेवटी नणंदेला मुलगी झाली. पहाटे कळा लागल्या, सूर्य उगवायच्या आत मोकळी झाली. सुईणीला पाणी तापवून द्यायला मी, कापडं द्यायला मी, नाळ पुरायला खड्डा खणायला मी. सहाव्या दिवशी सकाळी सासूबाईंनी दोन्हीकडचे लावे स्वतः पाहिले. माझे आठ. जावेचे एकोणीस, एक मुंगसानं नेला होता. त्या म्हणाल्या, "लहाने, चूल पेटव."

मी म्हणाले, "बरं." दुसरं काय म्हणणार? अट माझ्यासमोरच ठरली होती.

पण चूल पेटल्यावर अडचण आली. जाऊ दोन लावे हातात घेऊन घरामागच्या सांदवाडीत उभी राहिली आणि रडायला लागली. "माह्यानं नाई होत. थे माह्या हातानं खातात."

"मंग रस्सा काय त्याइले इचारून करशीन?" सासूबाई खेकसल्या.

सासऱ्यांनी कापून दिले. तिनं रस्सा केला. वास आला तशा सासूबाई धावत गेल्या. चिंच! बाळंतिणीला चिंच! भांडंच्या भांडं त्यांनी उकिरड्यावर ओतलं. मग बराच वेळ दारात उभ्या राहून विचार करून त्यांनी तोड काढली. कापायचं आणि रांधायचं मी, पण सांदवाडीतल्या तीन दगडांवर. झालेला रस्सा जावेनं बाळंतिणीच्या चुलीवरच्या भांड्यात ओतायचा, एक कढ आणायचा आणि आत न्यायचा. म्हणजे चुलीला हात एकाच बाईचा लागला, रीत राहिली.

"अन् हातगुण?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुमी वावरात जा," सासूबाई म्हणाल्या.

मी रांधलं. लावा सोलून चार तुकडे करायचे. तुपात ठेचलेला लसूण, मिरी, किंचित सुंठ, मीठ. पाणी बेताचं, झाकण ठेवून मंद आच. मांस हाडापासून सुटलं की उतरवायचं, जास्त शिजलं तर धागे होतात. पहिल्या दिवशी जाऊ वाटी घेऊन आत गेली आणि मी उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला टेकून उभी राहिले. आत जायचं नव्हतं, पण ऐकायला मनाई नव्हती.

फुरकण्याचा आवाज आला. मग नणंद म्हणाली, "लहानी वैनी, असा रस्सा मी जन्मात नाई पेला."

"अक्कानं केला," जाऊ म्हणाली.

"चाल, काही बी. तुह्या हातचं मले समजत नाई का?"

"खरंच अक्कानं केला वं. मी तं चिंच टाकली, मायनं फेकून देलं."

"तू लय भोळी. सगळं तिच्या नावावर घालतेस." आणि पुन्हा फुरकणं.

मी भिंतीपासून निघाले आणि जाऊन तीन दगडांवरची राख काढली. सव्वा महिन्यात असे सोळा वेळा रांधलं. रोज ती वाटी चाटून पुसून बाहेर येई आणि मी ती घासत असे. आधी माझे आठ लागले, मग तिचे. मी कापताना जाऊ ओढ्यावर जाई.

मृगाच्या चार दिवस आधी नणंदेला न्यायला सासरची बंडी यायची होती. पहिलटकरणीला पोचवायला माहेरची एक बाई बरोबर जाते आणि महिनाभर राहते. मी मनात तयारी करून ठेवली होती: दोन लुगडी, बाळगुटीचं सामान, तेलाची बाटली. जावेनं चूल सांभाळली, आता पोचवायला मी जाणार, हे तरी सरळच होतं.

आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालत होते. मूल तिच्या मांडीवर झोपलेलं.

"मोठी वैनी, उद्या लहानीले नेऊ का संगं?"

"ने ना. मले काय इचारतेस?"

"रागावली?"

"नाई."

"तुले राग आला का तू वेणी घट्ट ओढतेस."

मी हात सैल केला. तीन पेड घातले. मग मला राहवेना. "मी काऊन नोको? सांग."

ती मुलीच्या मुठी उघडत, मिटत राहिली. "तू लय केलं वं वैनी माह्यासाठी. मायनं नाई केलं तितकं केलं, मले का मालूम नाई? पण तू ताटापाशी बसली का माह्या घशाखाली घास उतरत नाई. लहानपणापासून. तू घास मोजतेस."

"किती खाल्लं हे कोणीतरी पाहा लागते."

"हाव. पायतेस. थेच तं."

मी वेणी पूर्ण केली, टोकाला गोंडा बांधला, खांद्यावर टाकली. "झाली," म्हणाले. ती वळून माझ्याकडे पाहणार होती, मी तेलाची वाटी घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी आणि मूल बंडीत बसून गेल्या. जावेनं बंडीतून ओरडून सांगितलं, "अक्का, लावे पाहा!" बाळंतिणीला पुरून नऊ उरले होते, माझ्या घरात, तिचे. पेरणीच्या दिवसांत पाहुणे आले तेव्हा सासूबाईंनी ते कापायला सांगितले. चांगले झाले होते. सासऱ्यांनी दोनदा वाढून घेतलं.

जाऊ आषाढात परत आली. तिच्यामागून आठ दिवसांनी पहिलं पोस्टकार्ड आलं. वरच पहिल्या ओळीत लिहिलेलं: लहान्या वैनीस. जावेला तेलुगू येतं, मराठी वाचता येत नाही. ती कार्ड घेऊन माझ्याकडे आली. "अक्का, वाचून दाखवा ना."

मी वाचलं. नणंदेला लिहायला मीच शिकवलं होतं, सपरीत राखेवर बोट फिरवून. तिचं अक्षर माझ्यासारखं आहे, उभं, सुटं, ओळी सरळ. माझ्याच अक्षरातलं पत्र, दुसऱ्या बाईला आलेलं, मी मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरगी कूस बदलते. तुझी आठवण येते. तू गेल्यावर घर सुनं झालं. शेवटी: मोठ्या वैनीला नमस्कार.

मग जावेनं उत्तर सांगितलं आणि मी लिहिलं. ती सांगताना मध्येच हसत होती आणि हसणं कसं लिहायचं ते मला येत नव्हतं, म्हणून मी तिथे काही लिहिलं नाही.

तेव्हापासून हेच चालू आहे. सासरे गेले, सासूबाई गेल्या, घरं वेगळी झाली, मध्ये एक कुडाची भिंत आहे. आम्हा दोघींचे केस पांढरे व्हायला लागले. कार्ड आलं की जाऊ कुडाच्या फटीतून हाक मारते. मी चष्मा घेऊन जाते, वाचते, ती सांगते, मी लिहिते. एवढ्या वर्षांत तिचा एक शब्द मी गाळला नाही किंवा बदलला नाही. तेवढं मला करता येतं. कधी कधी वाटतं की नणंदेला तिचं प्रेम माझ्या अक्षरात वाचायची सवय झाली असेल. तसं वाटलं की थोडं बरं वाटतं, आणि मग लगेच वाटत नाही.

गेल्या सोमवारी पत्र आलं, परवा उत्तर लिहून झालं. म्हैस व्याली, लोणच्याला कैऱ्या कमी मिळाल्या, गुडघा दुखतो, ये एकदा. जाऊ दरवेळी म्हणते, "अक्का, तुमचं बी लिहा ना." दरवेळी मी खाली 'माझाही नमस्कार' लिहिते आणि कार्ड बाजूला ठेवते. या खेपेला तसं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. जावेचं सगळं मुद्दाम बारीक अक्षरात बसवलं, खाली तीन बोटं जागा राहिली आहे. कार्ड दिव्याच्या कोनाड्यात उभं करून ठेवलं आहे. टपाल उद्या सकाळी निघतं. माझ्या ओळी लिहायच्या राहिल्या आहेत.